सव्वीस गुरुवार

‘खाली दिलेल्या प्रत्येक दिवशी आपण कोणत्या ठिकाणी बसून काम केले, ते तारखेपुढे लिहावे.’ ओरेगनच्या करखात्याचं पत्र एवढंच विचारत होतं. त्याखाली सव्वीस तारखा होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे एक कोरी रेघ. लोर्ना निस्कालानं पत्र ओट्यावर ठेवलं, कॉफीचा मग हातभर लांब सरकवला आणि तारखा वरून खाली वाचल्या. मग खालून वर. तारखांपुढे वार लिहिलेले नव्हते. तिला ते लागतही नव्हते. पहिली वीस एप्रिल, शेवटची बारा ऑक्टोबर, सगळे गेल्या वर्षीचे गुरुवार. चौदा ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी, बाबा गेले होते.

पत्रात धमकी नव्हती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर हे दिवस ओरेगनमधले धरले जातील आणि कर सातशे अडतीस डॉलरनं वाढेल, एवढंच. नदीच्या या काठावर, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला, मिळकतीवर कर नाही. पलीकडे पोर्टलंडमध्ये तो आहे, पण दुकानातल्या वस्तूंवर नाही. म्हणून इकडची माणसं राहतात इकडे, फ्रीज आणि टायर आणायला जातात तिकडे, आणि नोकरीही तिकडे असली तर दिवस मोजतात. तिकडे बसून केलेल्या कामावर तिकडचा कर. इकडे घरी बसून केलेल्यावर काहीच नाही. लोर्नाच्या गल्लीत निम्म्या घरांतल्या स्वयंपाकघरात असं दिवस मोजायचं कॅलेंडर असतं. कुणी फुल्या मारतं, कुणी फेब्रुवारीत सगळं एका बैठकीत आठवून आठवून लिहितं आणि आठवणीत स्वतःला थोडं झुकतं माप देतं. लोर्ना रोज संध्याकाळी लिहायची. पोर्टलंडचा दिवस लाल ठिपका, घरचा दिवस निळा. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढल्यावर नोंद उद्यावर टाकणं हातालाच जमत नाही. या वर्षी जुलैत खात्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं वर्षाच्या बारा पानांच्या प्रती पाठवून दिल्या होत्या. सोमवार आणि मंगळवार त्यांनी मान्य केले, कारण कंपनीच्या नियमातच ते घरून कामाचे होते. गुरुवारांना मात्र नियमाचा आधार नव्हता. निळे ठिपके होते, पण ते तिनंच दिलेले होते.

आणि ते खरे होते. ती पुन्हा पुन्हा तिथंच येऊन थांबत होती. त्या वर्षी ती सगळ्यांशी खोटं बोलली होती, फक्त या कॅलेंडरशी नाही.

ग्लेनिस तिची वरिष्ठ. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिनं स्वतःहून हाक मारून केबिनमध्ये बसवलं होतं. ‘‘अगं, वडिलांना त्या वृद्धाश्रमात ठेवलंस ना? इकडच्या नदीकाठच्या? मग गुरुवारी इथं कशाला येतेस? अहवाल तर तपासायचे असतात. लॅपटॉप घे आणि बस त्यांच्याजवळ. मी माझ्या आईच्या वेळी बसले नाही. आता बसते म्हटलं तरी कुठं बसू?’’ लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही खरंच होतं. पहिले तीन गुरुवार ती गेली. चौथ्या गुरुवारी, वीस एप्रिलला, पोर्टलंडला नेणाऱ्या पुलाच्या आधीच्या शेवटच्या वळणावर तिनं गाडी उजवीकडे घेतली. असं काही ठरवलेलं नव्हतं. हात वळला, एवढंच तिला सांगता आलं असतं. घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि संध्याकाळपर्यंत एकोणीस अहवाल तपासले, एकही चूक न करता. पाच वाजता मान वर केली तेव्हा खिडकीबाहेर शेजारच्यांचं चेरीचं झाड फुललेलं होतं आणि आपल्याला फार बरं वाटतं आहे हे तिच्या लक्षात आलं. त्या बरं वाटण्याची तिला अजून शिसारी येते. पण संध्याकाळी ठिपका दिला तो निळाच. लाल देता आला असता. तो खोटा झाला असता.

कारण शोधायची तिला सवय होती. नमुन्यात काही सापडलं तर ते कुठून आलं हे मागे मागे जाऊन पाहायचं: नळ, नळी, टाकी, विहीर. बाबांच्या खोलीत वास नव्हता. ते तक्रार करत नव्हते, रडत नव्हते, तेच तेच विचारतही नव्हते. गुरुवारी ते दाढी करून, जाकीट घालून, खुर्चीत बसलेले असायचे. तिच्यासाठी दुसरी खुर्ची आधीच ओढून ठेवलेली असायची. फक्त त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. सरळ पाहिलं की तिथं करडा गोळा दिसायचा, कडेचं मात्र दिसत राहायचं. म्हणून लोर्नाचा चेहरा पाहायचा असला की ते तिच्या कानापलीकडच्या भिंतीकडे पाहायचे. तासच्या तास. ती पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून बसलेली आणि ते भिंतीकडे तोंड करून तिला बघत असलेले. तिचं लग्न मोडलं तेव्हा, आईच्या आजारपणात ती परीक्षेचं निमित्त करून आली नाही तेव्हा, ते कधी काही बोलले नव्हते. आताही बोलत नव्हते. बघत होते. समोरून बघणाऱ्या माणसाला चुकवता येतं, हसता येतं, खाली बघता येतं. बाजूनं बघणाऱ्याला काय करायचं?

बाबा, म्हणजे टोइवो निस्काला, एकतीस वर्षं त्या पुलावरच होते. दोन राज्यांमधला तो उचलता पूल. बोट उंच असली की घंटा व्हायची, फाटकं पडायची, रस्त्याचा एक अख्खा तुकडा मनोऱ्यांमधून सरळ वर जायचा, आणि दोन्हीकडच्या गाड्या इंजिन बंद करून थांबायच्या. तो तुकडा वर-खाली करणं हे त्यांचं काम. लहानपणी डॅरल, तिचा धाकटा भाऊ, त्यांना विचारायचा, ‘‘बाबा, तुम्ही नेमके कुठल्या राज्यात बसता?’’ आणि ते म्हणायचे, ‘‘पूल खाली असला की ओरेगनात. वर असला की कुठल्याच नाही. तेवढ्या वेळाचा कर मी कुणालाच देणार नाही, सांग त्यांना.’’ प्रत्यक्षात ते सेंटपर्यंत भरायचे. त्यांच्या केबिनमध्ये नोंदवही असायची: तारीख, वेळ, जहाज, किती मिनिटं, शेरा. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. लोर्ना प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हाच नियम शिकली तेव्हा तिला हसू आलं होतं. घरी ती हे पाच वर्षांची असल्यापासून ऐकत होती.

अशा माणसाला तिनं पुलाचं कारण सांगितलं होतं. इकडे सगळेच सांगतात. उशीर झाला, जायचं नाही, दातांच्या डॉक्टरला टाळायचं आहे, तर पूल उचललाय म्हणावं, पुढं कुणी विचारत नाही. काही गुरुवार तिनं कामावर ढकलले: तातडीचा नमुना आलाय, बैठक आहे. मग एका गुरुवारी, मे महिन्यात, दुसरं काही सुचलं नाही. ती याच ओट्याशी उभी होती, पायात सपाता.

‘‘बाबा, निघाले होते, पण पूल उचललाय. रांग पार शाळेपर्यंत आलीय. अकराला माझी बैठक आहे, आता परतच फिरते.’’

मग ते म्हणाले, ‘‘असेल, असेल. ‘पर्ल डेस्मंड’ असेल. भला मोठा पसारा आहे तिचा, मागं दोन बार्ज. तू नको थांबूस, पोरी. जा घरी.’’

त्यांना दिसत नाही, असं तिनं धरलं होतं. पूल त्यांच्या खिडकीतून अर्ध्या मैलावर, आणि नजरेच्या मधोमध डाग. आता म्हाताऱ्याला जुनी जहाजं आठवतात, त्यांतलंच एखादं बोलून दाखवतात, असं तिनं डॅरललाही सांगितलं. उन्हाळाभर अधूनमधून तेच कारण चाललं. सप्टेंबरात तिनं पुन्हा ते दिलं, आणि बोलून गेल्यावर चूक तिच्या लक्षात आली. सप्टेंबरात नदी उतरलेली असते. टग, म्हणजे मालाचे बार्ज ओढणाऱ्या बोटी, पुलाखालून सरळ निघून जातात, उचलायची वेळच येत नाही. हे पूलवाल्याच्या मुलीला कळायला नको? बाबा म्हणाले, ‘‘क्रेन असणार. क्रेनचा बार्ज. ती उंच असते, तिला बाराही महिने उचलावा लागतो.’’ आणि तिनं सुटकेचा श्वास सोडला होता. फोनमध्ये तो ऐकू गेला असेल का, हा प्रश्न तिला वर्षभर अधूनमधून पडत आला होता. भांडी घासताना, लिफ्टमध्ये.

ग्लेनिसनं पत्र लगेच दिलं. खात्याला मालकाचं पत्र चालतं. लोर्नानं फक्त ‘‘गुरुवारच्या तारखांसाठी’’ एवढंच म्हटलं होतं, पुढचं सांगायला तोंड उघडलं तोवर ग्लेनिस टाइप करायला बसलीसुद्धा. लिफाफा हातात देताना म्हणाली, ‘‘त्यांना काय कळणार म्हणा! पण मी नीट लिहिलंय.’’ लोर्नानं ते पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. ‘नमूद केलेल्या सर्व गुरुवारी श्रीमती निस्काला यांनी, आमच्या परवानगीने, पोर्टलंड येथील वृद्धाश्रमात आपल्या वडिलांच्या उशाशी बसून काम केले. त्यांच्या कामात कोणतीही उणीव आढळली नाही. अशी मुलगी आणि अशी सहकारी दोन्ही दुर्मिळ.’ खाली सही, कंपनीचा शिक्का.

म्हणजे पत्र जोडलं की दिवस ओरेगनचे. सातशे अडतीस डॉलर भरायचे आणि विषय संपला. आणि मग एका राज्याच्या दप्तरात, शिक्क्यासकट, कायमचं लिहिलेलं राहील की लोर्ना निस्काला सव्वीस गुरुवार बापाच्या उशाशी बसली होती. कुणी ते कधी उघडणार नाही. पण असेल. तिला वाटलं, इतकं स्वस्त? आणि लगेच, असं वाटल्याबद्दल, कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. दोन आठवडे ते तिथंच होतं. चेकबुक काढताना हाताला लागायचं, आणि हात आपोआप त्याच्या बाजूनं जायचा.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तिनं डॅरलला फोन केला. वृद्धाश्रमात भेटायला येणाऱ्यांची वही असते का, तिची प्रत मिळते का, असं काहीतरी. आपण हे कशासाठी विचारतो आहोत तेही तिला धड माहीत नव्हतं.

‘‘कराचं आहे?’’ डॅरल हसला. ‘‘तुम्ही पलीकडचे लोक! राहायचं तिकडं, कमवायचं इकडं, आणि वर दिवस मोजायचे. ये की घरी. बाबांची वही आहे माझ्याकडे.’’

‘‘कसली वही?’’

‘‘कसली म्हणजे? पुलाची. शेवटपर्यंत लिहीत होते. जाड मार्करनं, हे एवढं एवढं अक्षर. मी दोन पानं वाचली आणि ठेवून दिली. जहाज, वेळ, जहाज, वेळ. तुझं नाव दिसलं मध्ये मध्ये.’’

डॅरलच्या गॅरेजमध्ये बोट वाहून न्यायची गाडी उलटी करून ठेवलेली होती आणि तो तिच्या चाकात ग्रीस भरत होता. पन्नाशीचा माणूस, पण गुडघ्यावर बसला की मागून अजून शाळेतला वाटायचा. कपाटावरून खोकं काढताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ‘‘एक बोलू का? अंत्यसंस्काराच्या दिवशी ती तुझी ग्लेनिस सगळ्यांना सांगत होती. गुरुवारभर उशाशी बसायची म्हणून. मला माहीतच नव्हतं तू दिवसदिवसभर असायचीस. मी आपला रविवारी पोरांना घेऊन तासभर, आणि त्यातही अर्धा वेळ मॅच बघायचो. ऑगस्टात तर तीन रविवार गेलोच नाही, मासेमारीला गेलो. पंधरा मिनिटांवर राहून.’’ त्यानं हात चिंध्यांना पुसले, जरा जास्तच वेळ. ‘‘बायको म्हणते, किती मनाला लावून घेशील! पण झोपेतून जाग येते गं. बरं झालं तू तरी होतीस.’’

तेव्हा बोलायला हवं होतं. ग्रीसचा वास, भिंतीवरची वल्ही, कोपऱ्यात फ्रीजची घरघर, सगळं तिच्यासाठी थांबलं होतं असं तिला वाटलं. ती म्हणाली, ‘‘रविवारी ते खुश असायचे, डॅरल. खरंच.’’ हेही खरं होतं. रविवारी तीही कधी कधी जायची. गर्दीत मिसळता यायचं, आणि ते सगळ्यांकडे मिळून एकाच भिंतीकडे बघायचे.

घरी येऊन तिनं वही ओट्यावर ठेवली, पण रविवारी सकाळपर्यंत उघडली नाही. तारेत गुंफलेली, शाळकरी, निळ्या पुठ्ठ्याची वही. आत बोटभर उंचीची काळी अक्षरं, ओळी सोडून जाणारी, पण रकाने पाचच. तारीख, वेळ, जहाज, मिनिटं, शेरा. ‘मे २. स. १०-४०. टग, एक बार्ज. ८ मि. घंटा उशिरा दिली.’ त्यांना दिसत होतं. सरळ पाहिलं तर नव्हतं. पुलाकडे तोंड न करता, खिडकीच्या चौकटीकडे बघत बसलं की कडेला रस्त्याचा तुकडा वर जाताना दिसत होता. डोळ्याचा हा सगळा प्रकार, कडेच्या पेशी, हालचाल टिपणं, तिला कॉलेजात शिकवलेला होता. तिला त्यात पूर्ण गुण होते.

अठरा मे. गुरुवार. वेळेचा रकाना कोरा. जहाज कोरं. मिनिटं शून्य. शेरा: ‘उचल नाही. लोर्ना आली नाही. तिला जहाज दिलं, पर्ल डेस्मंड.’

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. मग वही घेऊन खाली फरशीवर बसली. आठ जून. ‘उचल नाही. लोर्ना कामात.’ सहा जुलै. ‘दोन उचल, दुपारी. सकाळी नाही. लोर्नाला सकाळचं पाहिजे होतं. जहाज दिलं.’ तीन ऑगस्ट. ‘लोर्ना कामात. खुर्ची परत ठेवली.’ एकवीस सप्टेंबर: ‘पाणी फार खाली. उचल नाही. तिला हे सुचायला हवं होतं. क्रेन दिली.’ कुठं राग नव्हता. तिनं शोधला. अक्षर कुठं जास्त दाबलंय का, रेघ कुठं वाकडी आहे का, तेही पाहिलं. फोनवर ते तिच्यासाठी खोटं बोलले होते, एकदा नाही, नऊ वेळा, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवून, मार्कर शोधून, खरं काय ते लिहून ठेवलं होतं. दिलेलं जहाजसुद्धा दिलेलं म्हणूनच लिहिलं होतं. बारा ऑक्टोबर, शेवटचा गुरुवार. अक्षरं एकमेकांवर चढलेली. ‘उचल नाही. वाट मोकळी. लोर्ना’ आणि पुढे काही लिहून त्यावर एक रेघ मारलेली. खालचं वाचता येत होतं. ‘येईल.’ बाजूला सही.

ती किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. फरशी गार होती. मग उठून तिनं खात्याचा कागद घेतला आणि रेघा भरायला लागली. घरी, व्हँकुव्हर. घरी, व्हँकुव्हर. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला वाटलं, खाली खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहावं. लिहिलं नाही. सव्वीस वेळा लिहिलं, पूर्ण. पुरावा म्हणून तिनं वहीच्या सव्वीस नोंदींच्या प्रती काढल्या आणि जोडल्या. त्या प्रिंटरमधून बाहेर येताना तिनं पाहिल्या नाहीत. ग्लेनिसचं पत्र वेगळं ठेवलं. ते सोमवारी परत द्यायचं होतं, आणि नुसतं हातात ठेवून निघता येणार नव्हतं. कुठल्या तरी टेबलाशी बसलेला एक कारकून हे वाचेल, मान हलवेल आणि दिवस तिच्या बाजूनं धरेल. सातशे अडतीस डॉलर वाचतील. या पैशांचं काय करायचं ते तिला सुचेना, आणि सुचू नये असंही वाटलं.

मग येते असं डॅरलला कळवून तिनं मूळ वही घेतली आणि गाडी काढली. शेवटच्या वळणाशी हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. ती सरळ गेली. पुलावर चढायच्या आत समोरचे दिवे लाल झाले, घंटा व्हायला लागली आणि फाटक खाली आलं. तिला आधी कळलंच नाही. मग पुढच्या ट्रकच्या डोक्यावरून रस्त्याचा तो तुकडा सावकाश वर जाताना दिसला, हिरवट, खालून ओला. तिनं इंजिन बंद केलं. फोन वाजला. डॅरल.

‘‘काय गं, येतेस म्हणालीस ना? ऑम्लेट गार होतंय. पोरं टपून बसलीत.’’

‘‘पूल उचललाय.’’

‘‘हो, उचललाय म्हणे!’’ तो हसला. ‘‘सप्टेंबरात? दुसरं काहीतरी सांग.’’

पलीकडून ताटांचा आवाज येत होता.

‘‘लोर्ना?’’

‘‘खरंच उचललाय. डॅरल, मी येतेय. तू जेवून घे, पण पोरांना जरा बाहेर पाठव. गुरुवारचं सांगायचंय तुला. मी तिथं नव्हते.’’

‘‘कुठं नव्हतीस?’’

‘‘तिथं. बाबांजवळ. वही घेऊन येतेय, तू वाच.’’

फोन त्यानं ठेवला की तिनं, हे तिला नंतर आठवेना. मागच्या गाडीतलं मूल काचेला नाक लावून वर बघत होतं. लोर्नानं दाराच्या कप्प्यातून पेन काढलं, मांडीवर वही उघडली आणि रेघ मारलेल्या ओळीखाली तारीख लिहिली. वेळ: स. ११-२०. कठड्याच्या फटीतून एक उंच डोलकाठी उजवीकडून डावीकडे सरकत गेली. जहाजाच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘शिडाची बोट. नाव दिसलं नाही.’ मग तुकडा खाली येऊन टेकेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली. अकरा मिनिटं. शेऱ्याचा रकाना उरला. पुढचा ट्रक सुरू झाला, मागून कुणीतरी हॉर्न दिला, फाटक वर गेलं. तिनं घाईघाईत, पण वाचता येईल असं, लिहिलं: ‘लोर्ना येत आहे’. बाजूला सही केली आणि गाडी सुरू केली.